दोरे स्वच्छ दिसेपर्यंत

३ सप्टेंबर, मंगळवार

आज पुन्हा तिलाच बोलणी बसली. आणि मी समोर बसून बिस्किट खात होते.

मंगळवारची बैठक. सरांनी पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. डावीकडे माझ्या घाण्याचं, म्हणजे मी एका खेपेला तयार केलेल्या नमुन्याचं, उजवीकडे तिच्या. माझ्यात काळीभोर, जाड पट्टी. तिच्यात नुसती सावली, तीही कुणी दाखवली तर दिसेल अशी. "नववा घाणा आहे हा," सर म्हणाले. "तीच रोपं, तेच पान, तोच मिक्सर. काकूंच्या हातून निघतं आणि तुझ्या हातून निघत नाही, याचा मी काय अर्थ घ्यायचा?" ती मान खाली घालून वहीत लिहीत राहिली. सर रागावतात तेही ती लिहून घेते की काय, कोण जाणे! म्हणून तर तिचं नाव टीपकागद. पाच वर्षांपूर्वी डॉक्टरेट करायला आली तेव्हा मीच ठेवलं. आता सगळेच म्हणतात, फोनवर तीही स्वतःला टीपकागद म्हणवते.

"हाताला वळण लागतं," सर म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले. मीही हसले. काय करणार — सव्वीस वर्षं या प्रयोगशाळेत सहायक आहे, कौतुक झालं की हसायची सवय लागली आहे.

पण कौतुक गोड लागलं नाही. गेले काही महिने सूक्ष्मदर्शकात बघताना मधे काहीतरी धुरकट येतं.

४ सप्टेंबर

भिंग तीनदा पुसलं. भिंगात काही नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार

आज ह्यांनी विचारलं, "तू नक्की करतेस काय गं तिथे?" लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर! हे घड्याळं दुरुस्त करतात, मी काय करते ते मात्र अजून 'मक्याचं काहीतरी' एवढंच. मग जेवताना सांगितलं.

मक्याच्या पानात हिरव्या पेशी दोन जातींच्या. काही शिरांना घट्ट बिलगून बसलेल्या, काही त्यांच्या बाहेर सैलसर पसरलेल्या. बाहेरच्यांना आम्ही गर म्हणतो. पानाचे तुकडे गार द्रावणात मिक्सरवर फिरवायचे, जाळीवर ओतायचे. गर फुटून खाली वाहून जातो, वर शिरा उरतात, आपापल्या पेशी अंगाला धरून. हिरव्या दोऱ्यांसारख्या दिसतात, म्हणून ते दोरे. आता या सगळ्या पेशींत उजेड पकडून आत पोचवणारी प्रथिनं असतात. त्यांना सर अँटेना म्हणतात. त्यातलं एक गरात भरपूर असतं, दोऱ्यांत थोडंसंच — असं पुस्तकं म्हणतात. सर म्हणतात, रोप कमी उजेडात वाढवलं तर दोऱ्यांतही ते भरपूर तयार होतं, लोकांनी नीट बघितलंच नाही. पुरावा? माझे घाणे. प्रत्येक घाण्यातल्या दोऱ्यांत ते प्रथिन जितकं जास्त, तितकी चित्रातली पट्टी जाड.

"मग दोऱ्यांना थोडा गर चिकटून राहिला तर?" ह्यांनी विचारलं.

घास तोंडातच राहिला. म्हटलं, "तेच तर बघायचं असतं. एकदा फिरवून होत नाही. पुन्हा फिरवायचं, पुन्हा धुवायचं, दोरे स्वच्छ दिसेपर्यंत. मग रजिस्टरमध्ये सही — तपासले."

"आणि ते तू बघतेस."

"मी बघते."

ह्यांनी भात वाढून घेतला.

९ सप्टेंबर, सोमवार

आज लवकर गेले. कुणी यायच्या आत माझ्या घाण्याची काच लावली. मला दिसले ते दोरे स्वच्छ, कडेला जरा धुकं. मग तिच्या घाण्याची काच लावली. दोरे स्वच्छ, कडेला जरा धुकं. दोन्हींत तसूभर फरक नाही.

मग मोबाइल भिंगाला लावून दोन्हींचे फोटो काढले, आणि बोटांनी ताणून मोठ्ठे केले, डोळ्यापाशी धरून बघितले. तिचे दोरे धुतल्या केसांसारखे. माझ्या दोऱ्यांना दोन्ही बाजूंनी गोल गोल पेशी लगडलेल्या. गर. किती तरी! धुकं म्हणत होते ते हेच.

म्हणजे ती जाड पट्टी दोऱ्यांची नाहीच. माझ्या घाणेरड्या घाण्यातल्या गराची आहे. आणि त्या पोरीचे नऊच्या नऊ घाणे बरोबर आहेत.

खाली बसले. रजिस्टर समोरच होतं. माझ्या सह्या — गेल्या वर्षभराच्या, एकीखाली एक, झोकदार. पूर्वी मी चार-पाचदा फिरवायची. हल्ली दोनदा फिरवलं की मला 'स्वच्छ' दिसतं. वाटायचं, हात सुधारला!

१० सप्टेंबर

फोटो पुसून टाकले.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

तिची मुदत एकतीस ऑक्टोबरला संपते. आज कळलं. तोवर माझ्यासारखी पट्टी तिच्या हातून आली नाही तर सर प्रबंधावर सही करणार नाहीत. पाच वर्षं गेली पाण्यात. गराची खूण पटवणारी एक वेगळी चाचणी असते, ती तिनं स्वतःच्या घाण्यांवर दोनदा केली. गर नाही असंच आलं. तर सर म्हणाले, "तू इतकं फिरवतेस की दोरेच फुटतात आणि प्रथिन वाहून जातं." माझ्या घाण्यांवर ती चाचणी कुणी केलीच नाही. काकूंचे दोरे कशाला तपासायचे?

दुपारी ती डबा घेऊन माझ्या टेबलापाशी आली. पोळीचा एकच तुकडा कुरतडत बसली होती. "काकू, माझ्या हातातच काहीतरी कमी आहे बहुतेक. आईला काय सांगू कळत नाही. ती सगळ्यांना सांगून बसलीय, पोरगी डॉक्टर होणार म्हणून."

मी काय म्हटलं? "होतं हळूहळू." वर तिला माझ्या डब्यातली भाजी वाढली. मला माझीच शिसारी आली. भाजी कसली वाढतेस बये, खरं काय ते वाढ!

१६ सप्टेंबर, सोमवार

सांगायचं ठरवून गेले. दारावर टकटक केली. सर म्हणाले, "या या, शंभर वर्षं आयुष्य. आत्ता तुमचंच नाव लिहीत होतो." संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. शोधनिबंधाच्या मथळ्याखाली नावं — पहिलं सरांचं, दुसरं माझं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. "आभारात टाकून भागणार नाही या वेळी," म्हणाले.

अक्षरं धूसर होती, पण आपलं नाव माणसाला धूसरही वाचता येतं.

मी म्हटलं, "मिक्सरची पाती बदलायला झालीत." आणि बाहेर आले.

१७ सप्टेंबर

बैठकीत तिचा दहावा घाणा. सावली.

२० सप्टेंबर, शुक्रवार

मी का बोलत नाही? इथे तरी खरं लिहावं.

नोकरी जाणार नाही, हे मला माहीत आहे. फार तर भांडाराच्या खोलीत टेबल देतील, बाटल्यांची नोंद करायला. दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला, तिथे निघून जातील. पण लोक म्हणतात ना — 'काकूंचा डोळा'. दुसऱ्या प्रयोगशाळांतली मुलं माझ्याकडे काचा घेऊन येतात, "काकू, एकदा बघा ना." शिकलेली नाही मी फारशी, नुसत्या बारावीवर इथे लागले. डोळा हीच माझी पदवी. ती एका पोरीच्या पदवीसाठी परत करायची, तर हात आखडतोय.

लिहिलं. वाचून लाज वाटली. खोडत नाही.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

ह्यांनी हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काल मी चहात साखरेऐवजी मीठ घातलं, ते निमित्त. "तीस वर्षं भिंग लावून घड्याळाच्या पोटात बघतोय," हे म्हणाले, "बायकोला दिसत नाही हे मला दिसणार नाही होय?" आठ महिन्यांपासून माहीत होतं म्हणे. मीच बोलेन म्हणून थांबले होते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पार पिकलेला. "कामात अडचण आली नाही का तुम्हाला?"

"नाही," म्हटलं.

उजव्याचं ऑपरेशन दहा ऑक्टोबरला.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज मनाशी एक डाव रचला. बोलायला जमत नाही तर निदान घाणा तरी खरा करावा. डोळ्यांवर विसंबायचं नाही, मोजून सहा वेळा फिरवायचं. मग माझीही पट्टी बारीक येईल, सरांच्या आपोआप लक्षात येईल, आणि मला तोंड उघडावं लागणार नाही.

टीपकागद म्हणाली, "काकू, शेजारी उभी राहून बघू?" राहिली. मी फिरवत होते, ती प्रत्येक वेळी वहीत रेघ मारत होती. चौथ्या वेळी तिनं माझ्याकडे बघितलं. सहाव्या वेळी पुन्हा बघितलं.

८ ऑक्टोबर, मंगळवार

पट्टी बारीक आली. तिच्यासारखीच, सावली. बैठकीत मी वाट बघत होते — आता विचारतील.

सरांनी विचारलं खरं. "काकू, बरं नव्हतं का त्या दिवशी?" सगळे हसले. मी म्हटलं, जरा डोकं दुखत होतं. सरांनी ते चित्र काढून टाकलं. "एखादा घाणा बिघडतो कुणाचाही. हा धरायचा नाही."

वर्षभरातला माझा एकच खरा घाणा, आणि तो टाकून दिला! तिचे दहा घाणे मात्र तिच्या माथी.

तेव्हा तरी बोलायचं होतं. नाही बोलले. ऑपरेशन होऊ दे, मग नीट डोळ्यांनी एकदा बघून सांगेन, असं स्वतःला समजावलं. मला समजावणं फार सोपं आहे.

१० ऑक्टोबर

झालं. दहा मिनिटांचं काम. यासाठी मी इतके दिवस घाबरत होते.

१२ ऑक्टोबर

डोळ्यावरची पट्टी निघाली. ह्यांचे केस इतके पांढरे कधी झाले? हे म्हणाले, "आता समोर आलंय ते गोड मानून घे."

२१ ऑक्टोबर, सोमवार

आज कामावर रुजू. ऑफिसात घरगुती कारण सांगितलं होतं, डोळ्यांचं कुणालाच माहीत नाही. पायऱ्या चढताना ठरवलेलं — पर्स ठेवायची आणि थेट सरांच्या खोलीत.

दारातच सर भेटले, हसतमुख. "काकू, ऐकलंत का? टीपकागदला जमलं!" तिचे शेवटचे तिन्ही घाणे, अकरा, बारा, तेरा. तिन्हींत जाड पट्टी. अगदी माझ्यासारखी. सर सही करणार, निबंधात तिसरं नाव तिचं.

मला रडूच आलं. सुटले! म्हणजे माझंच बरोबर होतं, ते फोटोच काहीतरी विचित्र आले असतील. सहा आठवडे जीव उगाच टांगणीला लावला. मी तिला मिठी मारली. ती काठीसारखी उभी होती. मला वाटलं, दमली असेल.

दुपारी तिच्या तेराव्या घाण्याची काच सूक्ष्मदर्शकापाशी पडलेली होती. सहज लावली. नव्या डोळ्यानं पहिल्यांदा बघणार म्हणून हौसेनं.

गर. दोऱ्यांना दोन्हीकडून लगडलेला. आंधळ्यालाही दिसेल इतका.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

तिला शीतखोलीत गाठलं. तिथे पंख्याच्या घरघरीत बाहेर ऐकू जात नाही. विचारलं, "किती वेळा फिरवलंस?"

"तुमच्याइतकंच, काकू. दोनदा."

तिनं वही उघडून दाखवली. पाच वर्षांपूर्वी मी शिकवत होते तेव्हापासूनच्या नोंदी. काकू — पाच वेळा. काकू — पाच. चार. मग तीन. गेल्या डिसेंबरपासून दोन. शेवटी, चार ऑक्टोबर — सहा, आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह. टीपकागदच ती. तिनं माझे डोळे जाताना तारीखवार टिपले होते, फक्त ते डोळे आहेत हे तिला कळलं नव्हतं.

"तुम्ही सहा वेळा फिरवलंत आणि पट्टी गेली," ती म्हणाली. "तेव्हा कळलं कशानं येते ती. मग मी दोनदाच फिरवून बघितलं."

"दोरे बघितले नाहीस?"

"बघितले की. मला दिसतं."

तीच पुढे बोलत होती, अगदी हळू. "दहा वेळा खरं आणून दाखवलं, काकू. कुणी घेतलं नाही. सर म्हणतात तुमचे दोरे खरे. मग माझं कोण ऐकणार? मुदत संपत आली होती. आईला फोन करायचा होता."

मग म्हणाली, "तुम्हाला दिसत नव्हतं ना?"

"नव्हतं."

"कळलं कधी?"

मी सांगितलं. नऊ सप्टेंबर. तिनं तेही लिहून घेतलं असतं तर बरं झालं असतं. तिनं वही मिटली आणि दार उघडून निघून गेली.

२३ ऑक्टोबर

जेवण गेलं नाही. ह्यांनी ताट उचललं.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

माझं होतं ते आजारपण. डोळ्यांत मोतीबिंदू होता म्हटलं की लोक हळहळतील, कुणी फळंसुद्धा घेऊन येईल. तिचं आहे ती लबाडी — डोळे उघडे ठेवून, तीन वेळा. कुणी हळहळणार नाही. प्रबंध जाईल, नाव जाईल, पुन्हा कुठे उभी करणार नाहीत.

आणि तिला तिथवर ढकलत नेलं कुणी? नऊ सप्टेंबरला मी तोंड उघडलं असतं तर तिचे नऊ घाणे त्याच दिवशी खरे ठरले असते. आता मी खरं बोलले तर ती बुडते. गप्प राहिले तर खोटा निबंध छापला जातो, त्यावर माझं नाव, आणि जन्मभर ती ते ओझं घेऊन फिरणार. काय करून ठेवलंस बाई!

ती काल आली नाही. आजही नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

एक वाट सापडली. सरांना माझं सगळं सांगायचं — मोतीबिंदू, सह्या, सप्टेंबरपासूनचं गप्प बसणं. आणि वर आणखी एक: तिचे शेवटचे तीन घाणेही मीच केले. ती दमली होती, मी मदत म्हणून करून दिले, माझ्या त्याच डोळ्यांनी. म्हणजे तिची लबाडी उरतच नाही. तिचे पहिले दहा खरे, बाकी सगळा घोटाळा काकूंचा. मी रजेवर होते म्हणा त्या दिवसांत, पण दोन दिवस दुपारची येऊन गेले असं सांगता येईल. हजेरी कोण बघतंय.

ह्यांना सांगितलं. हे घड्याळाचं झाकण लावत होते. म्हणाले, "कबुली द्यायला चाललीस ना? मग त्यात ही भर कशाला?"

"तिचं मी बिघडवलं. मीच निस्तरायला नको?"

"तिला विचारलंस?"

विचारलं नाही. फोन ती उचलत नाहीये. आणि विचारलं तर नाही म्हणेल. मोठ्यांनी लहानांसाठी एवढं करावं. आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं. जमलं.

२८ ऑक्टोबर, सोमवार

सांगितलं. सगळं, ठरवलं होतं तसं. आवाजही कापला नाही.

सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, ती शुक्रवारी सकाळी येऊन गेली. तीन घाणे आपण मुद्दाम दोनदाच फिरवले, हे तिनं स्वतः लिहून दिलं. तो कागद पुढे जाणार. पहिले दहा बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासून घेणार, आणि ते खरे निघाले तर तिच्यासाठी मुदत मागणार.

"तुमच्या घाण्यांचं विचारलं, तर काही बोलली नाही," सर म्हणाले. "एवढंच म्हणाली — काकूंनाच विचारा. उशीर करतील, पण त्या खोटं सांगणार नाहीत."